कपाळावरच्या खुणेपासून पोर्टलवरच्या नोंदीपर्यंत: सिकलसेलचा इतिहास आणि आपली नर्सिंग-मेडिकलची मुले

लायनस पॉलिंग हे विसाव्या शतकातले फार मोठे शास्त्रज्ञ. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली. अणुचाचण्यांच्या विरोधात ते सरकारशी भांडले. अशा या पुरोगामी माणसाने १९६८ साली एका कायदेविषयक नियतकालिकात सुचवले की ज्यांच्या अंगात सिकलसेलचे जनुक आहे अशा प्रत्येक तरुण-तरुणीच्या कपाळावर खूण गोंदवावी. का, तर दोन वाहकांनी एकमेकांना पाहताच ओळखावे आणि प्रेमात पडू नये. हेतू वाईट नव्हता. आजारी मुले जन्माला येऊ नयेत एवढेच त्यांना हवे होते.

ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना यातला धोका समजावून सांगावा लागत नाही. आज कपाळावर कोणी गोंदवत नाही. आज रंगीत कार्ड आहे, मोबाईल अॅप आहे, राष्ट्रीय पोर्टल आहे. खूण गेली आणि नोंद आली, ही प्रगतीच आहे. पण ती नोंद करणारा हात कोणाचा आहे आणि त्या हाताला काय शिकवले आहे, हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा विचारला जात नाही. आपली शेकडो मुले-मुली आज नर्सिंग, एमबीबीएस, बीएएमएस, लॅब टेक्निशियन, फार्मसी शिकत आहेत. 'डिजिटल हेल्थ' हा शब्द त्यांच्या कानावर रोज पडतो. आमचे म्हणणे असे आहे की बटण कुठले दाबायचे एवढे शिकवणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तपासणीचा वेग शिक्षणाच्या पुढे गेला की त्याची किंमत तपासला गेलेला माणूस मोजतो. हे सिकलसेलच्या इतिहासात एकदा घडून गेले आहे.

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा एक काळा तरुण दाखल झाला. तो दंतवैद्यक शिकत होता, म्हणजे स्वतःच भावी आरोग्य व्यावसायिक होता. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर लेख लिहिला आणि वैद्यकशास्त्रात त्यांचे नाव अमर झाले. लेखात नोएलचे नाव नव्हते. तो शिक्षण पूर्ण करून ग्रेनाडाला परतला, दवाखाना चालवला आणि १९१६ साली तरुण वयातच गेला. या आजाराच्या पहिल्याच नोंदीत रोगी होता, पण माणूस नव्हता.

पुढे १९४९ साली पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी गल्लत इथेच होते. आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून हे जनुक आले तर माणूस सिकलसेलग्रस्त होतो. आपल्याकडे विदर्भात त्याला 'एसएस' म्हणतात. एकाच बाजूने आले तर तो वाहक, म्हणजे 'एएस'. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण सुटण्याची २५ टक्के. आणि हे जनुक 'वाईट रक्ताचे' लक्षण नाही. वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून जिथे शतकानुशतके मलेरिया होता तिथल्या माणसांत ते टिकले. रक्तशुद्धीच्या गप्पा मारणाऱ्यांना हे सांगायला विसरू नये.

अमेरिकेत हा आजार काळ्यांचा, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. ते काम ब्लॅक पँथर पार्टीने केले. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे नाव आपल्याला ठाऊक आहे, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावाने. पण बंदूक घेतलेल्या पँथरचे फोटो आपण पाहिले, त्यांचे मोफत दवाखाने मात्र आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहेत. १९७१ च्या सुमारास त्यांनी सिकलसेल तपासणीची मोहीमच काढली. वस्त्यांत, मेळाव्यांत, घरोघरी बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी. डॉक्टर-नर्सेस सोबत होते, पण बरेचसे काम प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते करत. आरोग्य ही दानाची गोष्ट नाही, हक्काची आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

दबाव वाढला. निक्सन यांनी १९७१ साली आपल्या आरोग्यविषयक संदेशात सिकलसेलचा उल्लेख केला आणि १९७२ साली राष्ट्रीय कायदा झाला, पैसा आला. इथवर ही विजयाची कथा आहे.

पण त्या काळी सर्वत्र वापरली जाणारी झटपट चाचणी विद्राव्यतेवर आधारलेली होती. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा; ते गढूळ झाले तर जनुक आहे. वाहक आहे की रोगी, हे ती चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी तपासणी लागते आणि त्यानंतर समजावून सांगणारा माणूस लागतो. चाचणी स्वस्त होती, माणूस महाग होता. त्यामुळे राज्याराज्यांनी घाईने कायदे केले; काहींनी शाळेत प्रवेश घेताना, काहींनी लग्नाचा परवाना काढताना तपासणी सक्तीची केली. त्यातल्या काही कायद्यांच्या मसुद्यातच वाहक आणि रोगी यांची सरमिसळ होती. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. ज्या तपासणीसाठी काळ्या जनतेने भांडण केले, तिचाच कागद त्यांच्या विरोधात वापरला गेला. तपासणी मागितली म्हणून हे झाले नाही. निकाल ज्यांच्या हातात गेला ते अडाणी राहिले, म्हणून झाले. संघराज्याच्या १९७२ च्या कायद्यात मात्र सहभाग ऐच्छिक असावा आणि माहिती गोपनीय राहावी असे स्पष्ट म्हटले होते. बऱ्याच राज्यांना ते शहाणपण यायला वर्षे लागली.

आता आपल्याकडे येऊ. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ सालची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. १९५८ साली नागपूरच्या संशोधकांचा मध्य भारताबद्दलचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. म्हणजे विदर्भातल्या माणसांच्या रक्तात काय आहे हे लंडनला सहा दशकांहून अधिक काळापूर्वी कळले होते. त्यानंतर अभ्यासक येत राहिले. गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात जनुकाचे प्रमाण लक्षणीय आहे, हे निबंधांतून पुन्हा पुन्हा सिद्ध झाले. राज्याचा नियंत्रण कार्यक्रम उभा राहायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. रक्त गेले, प्रबंध झाले, बढत्या मिळाल्या आणि नमुना देणारी बाई हाडांच्या दुखण्याने कण्हत घरीच राहिली. नोएलच्या गोष्टीपेक्षा यात वेगळे काय आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला स्थान मिळाले, ही त्यातल्या त्यात ठोस मिळकत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट ठरले. निकाल अॅपवरून पोर्टलवर जातो, माणसाला कार्ड मिळते. मिशनचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो असायलाच हवा. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांत तपासणीचे पथक किती वेळा आले, हे तिथल्या कार्यकर्त्यांनी विचारायलाच पाहिजे.

आणि या मिशनमधली पहिल्या टप्प्यातली नेहमीची चाचणी कोणती? तीच, सोल्युबिलिटी टेस्ट. गढूळ झाले तर 'पॉझिटिव्ह'. नियमाप्रमाणे त्यानंतर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करायची असते. पण शिबिर संपवून शंभर नावे रात्रीतून भरायची असलेल्या माणसाच्या हातून 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द दोन वेगळ्या माणसांसमोर पडला, तर? वहीत चूक झाली तर ती उपकेंद्राच्या कपाटात राहत होती. पोर्टलवरची चूक जिल्ह्याला जाते, राजधानीला जाते, एखाद्या तक्त्यात मोजली जाते आणि ती दुरुस्त कोणाकडे करायची हे त्या माणसाला माहीत नसते. डिजिटल नोंदीचा हा साधा गुणधर्म आहे, आणि भावी नर्सला पहिल्या दिवशी शिकवायला हवा तो हाच.

प्रत्यक्षात काय शिकवले जाते? गंमत अशी की या बाबतीत नर्सिंगची मुले डॉक्टरीच्या मुलांच्या पुढे आहेत. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये आणलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात 'आरोग्य/नर्सिंग माहितीशास्त्र आणि तंत्रज्ञान' असा स्वतंत्र विषय आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदी आहेत, रुग्णसुरक्षा आहे, माहितीचा कायदाही आहे. कागदावर हा विषय चांगला आहे, आम्ही मोकळेपणाने म्हणतो. एमबीबीएसला २०१९ पासून सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये भाषा आणि संगणक कौशल्यांचे तास मिळाले, संवाद आणि नैतिकतेचा भाग मिळाला. पण डिजिटल नोंदींचा असा स्वतंत्र विषय नाही. म्हणजे नोंद ठेवण्याचे शिक्षण नर्सला आणि नोंदीवरून निर्णय घेण्याचा अधिकार डॉक्टरला. कामाची ही वाटणी आपल्याला ओळखीची वाटते. बाबासाहेबांनी सांगितले होते की जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे.

उतरंडीत आणखी खाली जा. वस्तीत घरोघरी जाणारी आशाताई, अंगणवाडीताई. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, ही आपल्या काळातली मोठी घटना होती आणि ती पुरेशी साजरी झाली नाही. फोन निकृष्ट, सारखे बंद पडणारे; आणि 'पोषण ट्रॅकर' हे अॅप इंग्रजीतून. ज्या बाया मराठीतून बाळाचे वजन, आईचे नाव, लसीची तारीख बिनचूक लिहीत होत्या, त्यांना एका दिवसात 'अप्रशिक्षित' ठरवण्यात आले. अडाणी कोण होते? ज्याने ते अॅप बनवले आणि ज्याने ते मंजूर केले, त्यांना एकदाही अंगणवाडीत बसवले गेले नाही. डिजिटल आरोग्याचे प्रशिक्षण वरून खाली द्यायचे असते ही समजूतच चुकीची आहे. अॅप बनवणाऱ्याने आशाताईकडून शिकले पाहिजे.

आमचे काही शिकलेले मित्र यावर एकच उत्तर देतात: माहिती देऊच नका, बहिष्कार टाका. आम्हाला हे पटत नाही. नोंद नसेल तर औषध नाही, दिव्यांग प्रमाणपत्र नाही, बाळंतपणात विशेष काळजी नाही. बाबासाहेबांनी नोंदीला कधी नकार दिला नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना आणि १९३२ साली लोथियन समितीत काम करताना ते आकड्यांवरून झगडले; 'आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच' किंवा अगदी थोडे आहेत असे सांगणाऱ्यांचे आकडे त्यांनी खोडून काढले. मोजलेच नाही तर हक्क कुठून मिळणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण मोजणारा कोण, कशासाठी मोजतो आणि मोजल्यावर काय देतो, हे विचारण्याचा हक्क त्यांनी एकदाही सोडला नाही. आपल्याला तीच भूमिका घ्यायची आहे.

मोजणी चुकली की यंत्रही कसे चुकते याचे एक उदाहरण अमेरिकेतलेच आहे. तिथल्या रुग्णालयांत एक सॉफ्टवेअर वापरले जात होते. कोणत्या रुग्णाला जादा काळजीची गरज आहे हे ते ठरवत असे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याची चिरफाड छापून आली. सॉफ्टवेअरला जात-वंश काही माहीत नव्हते. ते फक्त एवढेच पाहत होते की मागच्या काळात या माणसावर उपचाराचा खर्च किती झाला. काळ्या माणसांना उपचारच कमी मिळत होते, म्हणून खर्च कमी, म्हणून यंत्राच्या लेखी ते 'निरोगी'. हा दोष काढला तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत काळ्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाते, असे संशोधकांनी दाखवले. आता कोरची-धानोऱ्यातली बाई डोळ्यांसमोर आणा, जी दुखणे अंगावर काढते कारण दवाखान्यात जायला मजुरी बुडते. तिची नोंद पोर्टलवर कोरी दिसेल. कोरी नोंद म्हणजे निरोगी बाई नव्हे, हे ज्याला कळते तोच या कामासाठी तयार झालेला आरोग्य कर्मचारी.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, लग्नाचा. समुपदेशनात सांगितले जाते की लग्नाआधी दोघांची कार्डे जुळवून पाहा. सल्ला शास्त्रीय आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण एका जातीत हे जनुक साचून का राहिले, हे त्या समुपदेशनात कोणी सांगत नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचविशीतल्या भीमरावांनी दाखवले की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. मलेरियाने जनुक टिकवले, जातीने ते कोंडून ठेवले. जातीबाहेर लग्न केल्याने जनुक नाहीसे होत नाही, पण दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता घटते. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटले ते समतेसाठी; आरोग्यशास्त्रही त्याच दिशेला बोट दाखवते. तरी सरकारी फलकावर 'कार्ड जुळवा' असते, 'जात सोडा' कधी नसते. आणि आपण तरी? आपल्या वधू-वर मेळाव्यांत पत्रिका गेली म्हणून आपण अभिमान बाळगतो, पण पोटजात विचारणे काही थांबलेले नाही. त्यात उद्या कार्डाचा रंग विचारला गेला, तर नवी पत्रिकाच तयार होईल. वस्तीत आम्ही आत्ताच ऐकतो, 'पोरीची तपासणी नको, स्थळ येणार नाही.' मुलाच्या बाबतीत हे वाक्य फारसे ऐकू येत नाही.

माहिती फुटली तर कायदा काय म्हणतो? एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे. संमती, गोपनीयता आणि भेदभावबंदी त्यात स्पष्ट आहे. सिकलसेलच्या जनुकाला तसे खास कवच नाही. वैयक्तिक माहितीसंबंधीच्या २०१९ च्या विधेयकात आरोग्य, जनुकीय माहिती आणि जात-जमात यांना 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यातून हा वर्गच गाळला गेला. सिकलसेलच्या नोंदीत या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत येतात. नर्सिंगच्या किती वर्गांत हा बदल शिकवला जातो?

म्हणून कॉलेजात असलेल्या आपल्या मुलामुलींपुढे आम्ही काही कामे ठेवतो. सोल्युबिलिटीचा निकाल हाती असताना 'रोगी' हा शब्द ना तोंडाने उच्चारायचा, ना स्क्रीनवर भरायचा. संमती घ्यायची ती गोंडी, माडिया, वऱ्हाडी, झाडीबोली, ज्या बोलीत समोरचा माणूस विचार करतो त्या बोलीत. आणि 'नाही' म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत हे आधी सांगायचे. नोंद भरताना स्क्रीन त्या माणसाकडे वळवायची, काय लिहिले ते वाचून दाखवायचे. चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज कोणाकडे करायचा, हे आपल्या तालुक्यापुरते तरी शोधून कागदावर लिहून ठेवायचे. आणि माहितीशास्त्राचा तास कॉलेजात खरोखर होतो का, की फक्त हजेरी लागते, हे विद्यार्थी संघटनेने प्राचार्यांना लेखी विचारायचे.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि आपले डॉक्टर, नर्सेस तिथे मोफत सेवेचे स्टॉल लावतात. पुढच्या वर्षी त्यातल्या एका टेबलावर तपासणीची नळी नको. तिथे दोन नर्सिंगच्या मुली आणि एक लॅबचा मुलगा बसू द्या. लोकांनी घरी पडलेली आपली कार्डे आणावीत आणि या मुलांनी त्यावर नेमके काय लिहिले आहे, एएस की एसएस, खात्रीची तपासणी झाली की नाही, ते वाचून सांगावे. ज्यांची खात्रीची तपासणी राहिली आहे त्यांची यादी त्यांच्या परवानगीने तिथेच करावी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ती नेऊन ठेवायची तारीखही त्याच दिवशी ठरवावी.